बिंदू चौक ते कोरेगाव : गाडीतली गाणी

31 डिसेंबरच्या रात्री आमची गाडी बिंदू चौकातूनच सुटते. बाबासाहेब हयात असताना, 1950 साली, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे जिथे बसले तो हा चौक. वंदन करायचे, भाकरी-खरडा बांधून घ्यायचा आणि कोरेगाव भीमाला निघायचे. वाट सुमारे 260 किलोमीटरची. गाण्यांमुळे झोप कुणालाच नसते.

1 जानेवारी 1818 ची लढाई आमच्या आयाबहिणींना शाळेत कुणी शिकवली नाही. वामनदादा कर्डकांनी पाडलेल्या वाटेने गायन पार्ट्या वस्तीवस्तीत आल्या, त्यांच्याकडून ती कळली. दुसऱ्या बाजीरावाची मोठी फौज, कंपनीची छोटी तुकडी, दिवसभराची तहान, हे सारे निरक्षर आजीला पाठ. आपली माणसे इंग्रजांच्या पलटणीत होती, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या पेशवाईत त्यांच्या सावलीचा विटाळ होता, तिच्याशी ती लढली. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला तिथे गेले ते काय उगीच?

गेल्या खेपेस मात्र गाडीत वाद झाला. कोल्हापुरात लढाई म्हटली की कानात हलगी घुमते. मर्दानी खेळातला दांडपट्टा फिरतो तो हलगीवरच. आमच्यातल्या एका पोराने नवी हलगी आणली होती. किणी ओलांडल्यावर त्याने ती काढली, तसे मागच्या बाकावरचे आबा उठले.

"ठेव ती खाली. माझ्या बापानं ही वाजवून दारोदार शिळं तुकडं मागितलं. छप्पन साली सोडली ती सोडली."

"आबा, आता कुणाच्या दारात न्हाई, आपल्यासाठी वाजवतोय."

आबा बोलले नाहीत. हलगी बाकाखाली गेली. आयाबहिणींनी टाळ्यांवर गाणे धरले. आम्हाला आबांचे पटले, पण पोराचे चुकले असेही म्हणवत नाही. वाद्याचा काय दोष? ते गळ्यात बांधणाऱ्यांचा दोष.

सकाळी विजयस्तंभापाशी गर्दीतून पुढे सरकत एक सातवीतली मुलगी दगडावरची नावे वाचू लागली. लढाईत पडलेल्या 49 जणांची नावे तिथे आहेत. त्यातली 22 'नाक' लागलेली, म्हणजे आपल्या माणसांची. ती म्हणाली, "रात्रभर गायलो त्यात यातलं एकबी नाव नव्हतं की."

खरेच नव्हते. शौर्य गायलो, संख्या गायलो. ज्याला घरी कुणी वाट बघत होते तो सोमनाक राहून गेला.

परतीला तिने वहीतली नावे टाळीवर बसवायला घेतली. साताऱ्यापर्यंत चाल जमेना. मग मागून पत्र्यावर बोटांचा ताल आला. आबाच वाजवत होते. ताल हलगीचाच होता. आम्ही कुणी मागे वळून बघितले नाही.

कराडपर्यंत अकरा नावे बसली. उरलेली अकरा बुद्धविहारात रविवारी घेतो आहोत.