मलकापूरहून मुंबई : रात्रीची गाडी

मुंबईला जायचे ठरले की हल्ली घरात पहिला प्रश्न निघतो, "समृद्धीने जायचे ना?" नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग आपल्या जिल्ह्यात मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. वेळ वाचतो हे खरे. पण विमान आणि स्वतःची मोटार ज्यांच्या ऐपतीबाहेर आहे, अशा आपल्या कुटुंबांनी कशाने जावे? आम्ही आगगाडीनेच जातो. का, ते सांगतो.

आपला जिल्हा दोन मजली. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. रेल्वे घाटाखालून गेली, कारण इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायचा होता. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढला तोही कापूस बाजारासाठीच. खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, पण घाटावर अजून रूळ नाही. म्हणून बुलडाण्याच्या माणसाला आधी एस.टी.ने राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर गाठावे लागते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आयाबहिणींना एवढा प्रवास तरी स्वस्तात पडतो.

मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. फलाटावर पिशव्या, भाकरीची फडकी, कडेवरची लेकरे. कुणी दवाखान्याला, कुणी परीक्षेला, कुणी मुलाच्या खोलीवर निघालेले. डब्यात शिरले की तासाभरात ओळखी होतात, ठेचा इकडून तिकडे जातो. भुसावळला चहा होतो, मग दिवे मालवतात. कसारा घाट अंधारातच उतरतो, आणि कल्याण आले की मुंबईची धावपळ खिडकीतून दिसू लागते. म्हातारी माणसे पाय पसरून झोपलेली असतात, आणि संडास डब्यातच असतो. आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्यालाच याची किंमत कळते.

दुसरे कारण जिवाचे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. रेल्वेलाही अपघात होतात. पण रात्रभर एकट्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर सगळ्या घराचा जीव टांगलेला नसतो.

तिसरे कारण आपल्या इतिहासातले. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला रेल्वेने मसूर स्टेशनला उतरले. तिकीट मिळाले, प्रवास झाला. जात आडवी आली ती स्टेशनावर उतरल्यावर. बैलगाडीवाले नेईनात, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागली आणि गाडीवान बाजूने चालला. पैसे देऊनही आपल्याला वाहन नाकारले गेले होते. म्हणून जे वाहन सर्वांचे आहे, ते टिकवणे हे आपलेच काम आहे.

गाऱ्हाणी आहेतच. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. मार्च २०२० मध्ये बंद झालेली ज्येष्ठांची सवलत पुन्हा मिळायला हवी. डबे वाढावेत, घाटावर रूळ यावेत, यासाठी गावोगावच्या मंडळांनी निवेदने द्यावीत. गाडी सोडून दिली तर मागणी कोण करणार?

तोवर एवढे करा. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. लग्न, परीक्षा, दवाखान्याची तारीख कळताच तिकीट काढा. फॉर्मवर वय बरोबर लिहा, म्हणजे ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. आणि डब्यात कुणी म्हातारे माणूस उभे दिसले, तर थोडे सरकून बसा.