साखरेची बाजू

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी हा लेख मराठीतच लिहितेय, कारण तो माझ्या मामालाही वाचता यायला हवा.

आमच्या घरात साखर म्हणजे व्हिलन! मामाला बरीच वर्षं डायबेटिस. 2021 च्या मे महिन्यात तो कोरोनातून उठतो न उठतो तोच त्याला म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी झाली. स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर वाढलेली, आणि ही बुरशी अशाच शरीरात फोफावते. डावा डोळा काढावा लागला. रोज लायपोसोमल अँफोटेरिसिन बी च्या सहा कुप्या लागायच्या. तेव्हा त्यांचा सगळीकडे तुटवडा. बाबा एकेका कुपीसाठी दिवसभर वणवण फिरायचे.

म्हणून यंदा टी.ई.च्या सेमिनारला मी मुद्दाम हाच टॉपिक घेतला.

साधं अँफोटेरिसिन किडनीला फार त्रास देतं. ते लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या अतिसूक्ष्म फुग्यांच्या पडद्यात बसवलं की हा त्रास बराच कमी होतो. पण असे फुगे पाण्यात फार काळ टिकत नाहीत. म्हणून ते गोठवतात आणि व्हॅक्यूममध्ये बर्फाची थेट वाफ करून कोरडे करतात. हेच फ्रीझ-ड्रायिंग.

खरी गोची इथेच आहे. पडद्यातले रेणू पाण्यामुळे सुटसुटीत उभे असतात. पाणी गेलं की ते एकमेकांना घट्ट चिकटतात. डीपीपीसी नावाचं लिपिड पाण्यात 41 अंश सेल्सिअसला मऊ होतं. पूर्ण कोरडं केलं तर त्यालाच 100 च्या वर तापमान लागतं. अशा पडद्यावर पुन्हा पाणी घातलं की तो घट्टचा मऊ होताना गळतो. शेजारचे फुगे एकमेकांत मिसळतात ते वेगळंच!

मग साखर मदतीला येते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात जॉन आणि लोइस क्रो या दांपत्यानं 1980 च्या दशकात हे दाखवून दिलं. पार वाळूनही जिवंत राहणाऱ्या काही जीवांमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर असते. साखरेचे हायड्रॉक्सिल गट लिपिडच्या डोक्यांशी हायड्रोजन बंध जोडतात आणि पाण्याची रिकामी जागा सांभाळतात. शिवाय वाळताना साखरेची काच होते. खडीसाखरेसारखे स्फटिक नव्हेत, तर लिमलेटच्या गोळीसारखी काच! फुगे तिच्यात जागच्या जागी अडकून राहतात. मात्र पूर्ण संरक्षणासाठी साखर पडद्याच्या आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना लागते.

वाचता वाचता एक आकडा दिसला. अँबिसोमच्या एका कुपीत औषध 50 मिलिग्रॅम आणि सुक्रोज, म्हणजे आपल्या मेसच्या चहातलीच साखर, सुमारे 900 मिलिग्रॅम. बाबांनी जपून ठेवलेल्या बिलांवर हेच नाव आहे.

दिवाळीत हे मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रोज चमचाभर साखर शिरेतून आत जात होती, अन् तुझ्या मामीला पत्ताच नाही!"

मामी हसली नाही. तिनं डोळे पुसले. मामाच्या चहात आजही साखर पडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण साखरेचा डबा आता फडताळात मागे लपवलेला नसतो.