हातचा

मास्तराच्या मनात एक प्रश्न अधूनमधून डोकावतोच : आपण नसतो, तर या पोरांचे काही अडले असते का? मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. मानसशास्त्राच्या जाड ग्रंथांशी माझे जमत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी ऑक्टोपसपाशी शोधतो.

या प्राण्याला आईबाप ठाऊक नसतात. आई अंडी राखता राखता अन्न सोडते नि पिल्ले बाहेर पडली की प्राणही सोडते. बापाचे तर नावच नको! वर्षा-दोन वर्षांच्या आयुष्यात पिल्लू जे काय शिकेल ते एकट्याने. पण शिकते किती! बर्म्युडाच्या किनाऱ्यावर जेनिफर मॅथर यांनी पाहिले, की शिकारीला गेलेला ऑक्टोपस आल्या वाटेनेच परततो असे नाही; नव्या वाटेनेही तो नेमका आपल्या बिळाशी येतो. 1992 साली नेपल्सच्या फिओरितो नि स्कोटो यांनी तर नवलच दाखवले. एक ऑक्टोपस तांबडा चेंडू निवडतो, शेजारचा ते नुसते बघतो, आणि आपली पाळी आली की बहुधा तोही तांबडाच उचलतो. शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणारी माझी पोरे आठवून मला हसू आले!

माकूळ ही त्याचीच भावकी. तिला खेकड्यापेक्षा कोळंबी प्रिय. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खेकडा एका जागी केव्हाही मिळे. कोळंबी मात्र दुसऱ्या जागी, नि तीही मागच्या जेवणाला तीन तास झाल्यावरच. काय, कुठे आणि कधी, हे तिन्ही तिने ध्यानात ठेवले. 2021 सालच्या प्रयोगांत दोन वर्षांच्या, म्हणजे पार पिकल्या माकुळींचीही ही आठवण तरण्यांइतकीच शाबूत निघाली. चाळिशीतच चष्मा शोधत फिरणाऱ्याने हेवा करावा!

म्हणजे मास्तरावाचून अडत नाही तर? शिकण्यापुरते नाही अडत. अडते ते पुढे. असा जीव मरतो, तेव्हा त्याच्या साऱ्या वाटा, सारी वेळापत्रके त्याच्याबरोबर पाण्यात विरतात. पुढचे पिल्लू पुन्हा श्रीगणेशा गिरवू लागते. एकलव्याला निदान मातीचा गुरू होता!

तुमच्या घरी परवा आजीने सुनेला चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगितले असेल. तिला ते तिच्या सासूने सांगितले होते. मास्तरकी म्हणजे तरी दुसरे काय? मागल्यांचा हातचा पुढच्यांच्या बेरजेत मिळवायचा. ऑक्टोपसला हात आठ आहेत. हातचा मात्र एकही नाही.