साडेपाचच्या आत सूर्य बुडतो तिथे

प्रिय सोबत्या,

लग्नाचा पहिला वाढदिवस कुठे साजरा करायचा हे तू माझ्यावर सोपवलंस, आणि मी अंदमान ठरवलंय. बेट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर मालदीव आलं असेल, पाण्यावर बांधलेल्या खोल्या आल्या असतील. मला मात्र असं बेट हवं होतं, जिथे माणसं शेती करतात, मुलं शाळेत जातात, बाजार भरतो, आणि जिथे दिवस कसा घालवायचा हे भरती-ओहोटीला विचारावं लागतं. वर्षभर आपण घड्याळाच्या ताब्यात होतो. तुझी चाकणची पाळी, माझी रत्नागिरीची बँक, शनिवारी रात्रीची एसटी आणि एरवी फोन. तुझी पहिली पाळी असली की माझं दिवसभराचं सांगून व्हायच्या आत तुझा आवाज झोपेत जड व्हायचा. या सहलीकडून मला एकच हवंय, मोकळा वेळ, आणि तो दोघांना एकाच वेळी.

एजंटाने पाठवलेली दिवसवार यादी मी बाजूला ठेवली. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत एकेक ठिकाण गाठायचं, फोटो काढायचे आणि पुढे निघायचं, असं तिचं स्वरूप होतं. तिच्याऐवजी कालनिर्णय आणि भरतीचा तक्ता घेऊन बसले.

आधी उजेडाचं सांगते, कारण सगळं त्यावर बसवलंय. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. फेब्रुवारीत तिथे पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या आत बुडतोही. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर आपण सूर्यास्त बघतो, त्याच्या जवळपास सव्वा तास आधी तिथे सूर्य बुडालेला असतो. म्हणजे जो उशिरा उठतो त्याचा अर्धा दिवस गेला. तुला पहाटे उठायची सवय आहेच, यावेळी मीही उठेन. पाण्यातलं जे काही करायचं ते सकाळी, दुपारी सावलीत पडून राहायचं, चारला पुन्हा बाहेर. संध्याकाळ लांबलचक असेल आणि त्यात काहीही ठरवलेलं नसेल. माझ्या सगळ्या बेतात ती संध्याकाळ मला सर्वांत प्रिय आहे.

आता तिथी. आपला वाढदिवस यंदा माघातल्या अमावास्येच्या जवळ येतोय आणि मला ते फार आवडलंय. अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे कोकणातल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल ओसरतं. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटी असेल तरच तिथे चालत जाता येतं. खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे अडकून राहिलेले असतात. भरती यायच्या आत परत फिरायचं, त्यामुळे तिथे वेळ आपण ठरवणार नाही.

अमावास्येचं दुसरं कारण रात्रीचं आहे. स्वराज द्वीपाच्या म्हणजे हॅवलॉकच्या आसपास पाण्यात असे सूक्ष्म जीव असतात, की वल्हं मारलं किंवा हात फिरवला की पाणी निळसर उजळतं. चंद्र असला तर ते नीट दिसत नाही. दिसेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पण अंधाऱ्या रात्री बघायला जाणं आपल्या हातात आहे. आईंना अमावास्येला प्रवास सुरू केलेला चालणार नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून निघायचं एकादशीला. महाशिवरात्रीचा उपास तिकडेच करू, केळी आणि शहाळ्यांना तिथे तोटा नाही. हे तू त्यांना स्वतः सांग, त्यांना बरं वाटेल.

आणि पहिला दिवस, समुद्राआधी, पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल. वाढदिवसाच्या सहलीची सुरुवात तुरुंगाने कशाला, असं तुला वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८९६ ते १९०६ या काळात हे कारागृह बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. एका इमारतीतल्या कोठड्यांचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, कारण एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरासुद्धा दिसू द्यायचा नव्हता. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाला ३० पौंड तेल काढून द्यायचं. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. विनायक सावरकर १९११ मध्ये तिथे पोचले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधी. तुमच्या नाशिकजवळच्या भगूरचे दोघं भाऊ एकाच भिंतीआड होते.

मला मात्र तिथे उभं राहून आठवायचंय ते येसूवहिनींना, बाबारावांच्या पत्नीला. नवऱ्याला १९०९ मध्ये जन्मठेप झाली, धाकट्या दिरालाही पुढे झाली, आणि या बाईने मागे राहून वर्षानुवर्षं भेटीची वाट पाहिली. भेटीची परवानगी येण्याआधीच १९१९ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी विनायक सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई, म्हणजे माई, धाकटे दीर नारायणराव यांच्यासोबत समुद्र ओलांडून गेल्या आणि त्यांना पती दिसले. एकाच घरातल्या दोन जावा, एकीला भेट मिळाली, एकीला नाही. आपण शनिवारची एसटी चुकली तरी रविवारी भेटतो, तेवढ्यानेही माझा जीव कासावीस होतो. त्या कोठडीच्या दारात आपण दोघांनी काही वेळ शेजारी उभं राहावं, एवढंच माझं मागणं आहे. फोटो नको. सकाळ जेलला देऊ, आणि जमलं तर संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही बघू.

या बेटांवर तुटलेल्या घरांमधूनच पुढे घरं उभी राहिली. १८५८ मध्ये उठावातल्या कैद्यांना आणून इंग्रजांनी इथे वसाहत सुरू केली. मग स्त्री कैदीही आणल्या. काही वर्षं शिक्षा भोगून झाल्यावर चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना लग्न करून, जमीन कसून राहायची मुभा मिळे. नवरा एका प्रांतातला, बायको दुसऱ्या, भाषा वेगळी, जात वेगळी. त्यांच्या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात आणि त्यांच्या घरांत हिंदुस्तानी बोलली जाते. कोऱ्या पाटीवर मांडलेल्या त्या संसारांविषयी मला फार आदर वाटतो.

स्वराज द्वीप असंच वसलं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या कुटुंबांना सरकारने तिथे जमिनी दिल्या. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही त्यांच्या गावांची नावं. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, पांढरी वाळू आणि मागे समुद्री मोहाची उंच झाडं. सूर्यास्त तिथेच बघायचा. राहायला मात्र मी एका बंगाली कुटुंबाचं साधं घर शोधलंय, मागे सुपारीची बाग आहे. मोहरी घातलेलं माशाचं कालवण तुला आवडेल की नाही, माहीत नाही. मी आमसुलं बरोबर घेतेय, म्हणजे एखाद्या दिवशी त्यांच्या सुरमईला आपल्या हाताची चव देता येईल.

पोहण्याबद्दल मात्र माझं ऐक. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये याच बेटावर एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांजवळ पाण्यात उतरायचं नाही, अंधार पडायला लागला की कुठेच नाही, आणि जीवरक्षक जिथवर म्हणेल तिथवरच. तू लांब पोहत जातोस तेव्हा मी किनाऱ्यावर कशी उभी असते, हे तुला कधी दिसलेलं नाही.

बाराटांगला आपण जाणार नाही. यादीत ते ठळक अक्षरांत होतं, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी. पण अंदमान ट्रंक रोडने तिथे जायचं तर रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ही माणसं १९९७-९८ च्या सुमारास पहिल्यांदा आपणहून जंगलाबाहेर आली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ आली. संख्येने ती काहीशेच आहेत. वाहनं ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, तरीही काचेला नाक लावून माणसं शोधणारे प्रवासी असतातच. आपण थांबलो नाही, कॅमेरा काढला नाही, तरी त्यांच्या अंगणातून जाणाऱ्या गाड्यांत आणखी एक गाडी आपली असेल. गुहा नाही पाहिल्या तर आपलं काहीही बिघडत नाही. यावर तुझं वेगळं मत असेल तर सांग, पण मी जाणार नाही, हे आधीच सांगते.

प्रवाळ बघायला एलिफंट बीचला जाऊ. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं, २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. जे जिवंत आहे त्यावर पाय टेकायचा नाही. शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणायला बंदी आहे, त्यामुळे तुझ्या भाचीला शिंपला कबूल करू नकोस. स्कुबा करायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांतच करायचं. त्यानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं.

बोटींचं असं ठरवलंय. स्वराज द्वीपाला जाताना सरकारी बोट. ती हळू जाते, पण डेकवर उभं राहता येतं, आणि मला ती दोन-अडीच तासांची वाट डोळ्यांनी बघायची आहे. येताना खासगी कॅटामरान, बंद आणि वातानुकूलित, कारण तोवर आपण दमलेले असू. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, तरी वारा उठला तर फेऱ्या रद्द होतात, आणि परतीचं विमान बोटीच्या भरवशावर ठेवायचं नाही. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे, तेव्हा तिकिटावर ते दिसलं तर गोंधळू नकोस.

तुला करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रजेचा अर्ज याच आठवड्यात दे आणि कुणाच्या तरी बदल्यात पाळी करायचं कबूल करू नकोस. बोटीच्या तिकिटांसाठी आधार कार्डाचा स्पष्ट फोटो पाठव, मागच्या वेळचा अंधुक आहे. बेटांवर एटीएमचा भरवसा नाही, म्हणून थोडी रोकड तू आण, थोडी मी आणते. आणि आईंना एकादशीचं आजच सांग, म्हणजे उद्या मी विमानाची तिकिटं काढते.

तुझीच,
मी