तीनशे टक्के

आमचे कनिष्ठ बंधू परळास राहतात. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत ते आपल्या चिरंजीवांस पंधरा दिवस गिरगावात आमच्याकडे पाठवितात. मुलाचे इंग्रजी सुधारावे हा त्यातील प्रकट हेतू. स्वतःच्या घरात थोडी शांतता नांदावी हा गुप्त. यंदा चिरंजीव बारावीची परीक्षा आटोपून आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत पुस्तक म्हणून एकही नव्हते. होता तो मोबाईल, आणि अंगठ्यांवर चढवावयाच्या पातळ, काळ्या कापडी टोप्यांची एक जोडी. घामाने अंगठा काचेवर अडखळू नये म्हणून त्या असतात, असे कळले. आमच्या आजीच्या शिवणाच्या डब्यातील अंगुस्तान आम्हांस आठवले. परंतु त्या अंगुस्तानाच्या आश्रयाने निदान सदऱ्याच्या गुंड्या तरी लागत.

ज्या खेळासाठी ही सामग्री, त्याचे नाव बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. त्याचा पूर्वावतार जो पबजी, त्यावर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये तो या नव्या नावाने अवतरला, जुलै २०२२ मध्ये अंतर्धान पावला, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकट झाला. अवतार घेण्याची इतकी घाई प्रत्यक्ष विष्णूसही नव्हती. शंभर जणांनी एका बेटावर उतरावे आणि एक उरेपर्यंत एकमेकांस टिपावे, हे त्या खेळाचे तत्त्वज्ञान आम्हांस रुचत नाही, आणि त्याविषयी येथे अधिक लिहावयाचेही नाही.

आमचे कुतूहल चाळविले ते निराळ्याच गोष्टीने. चिरंजीव दोन तास मोबाईल घेऊन बसत. पण त्यातील एक तास ते खेळतच नसत. सरावाच्या मैदानात एका भिंतीसमोर उभे राहावयाचे, गोळ्या झाडावयाच्या, भिंतीवरील छिद्रे न्याहाळावयाची, मग एका तक्त्यात जाऊन तीनशेचे दोनशे नव्वद करावयाचे, आणि पुन्हा भिंत. वीणा लावण्यातच मैफल संपावी, तसा हा प्रकार.

"अरे, शंभर टक्के म्हणजे पूर्ण. तीनशे टक्के कसले?" आम्ही विचारले.

"काका, हा पेपर नाही," तो म्हणाला. "जायरोची सेन्सिटिव्हिटी आहे. आकडा जितका मोठा, तितकं थोडं हलवून जास्त फिरतं."

प्रकार असा की, या खेळात नेम दोन रीतींनी धरता येतो. एक, काचेवर अंगठा सरकवून; दुसरी, मोबाईलच हातात कलवून. बंदुकीच्या गोळ्या सुटू लागल्या की नळी वर उसळते. ती आवरण्यासाठी मोबाईलची वरची कड किंचित पुढे झुकवावयाची. हे झुकणे त्या यंत्रास कळते कसे? फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली पृथ्वीचे परिवलन दाखविण्यासाठी एक फिरती चकती तयार केली व तिला जायरोस्कोप हे नाव दिले. मोबाईलमध्ये चकती नसते. सिलिकनचा एक अतिसूक्ष्म तुकडा अखंड कंप पावत असतो. मोबाईल वळला की कोरिओलिस बलामुळे तो तुकडा जरासा बाजूस ढळतो आणि ते ढळणे विजेच्या मापाने टिपले जाते. २०१० सालच्या आयफोन ४ पासून ही सोय मोबाईलमध्ये आली. हाताच्या वळण्याने पडद्यावरील दृश्य किती पटीने वळावे, हे ठरविणारा आकडा म्हणजे तो तीनशे टक्के. शिवाय प्रत्येक दुर्बिणीस तो आकडा निराळा. आठ पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून हाताची चूकही आठ पट मोठी दिसते, म्हणून तेथे आकडा बराच खाली आणावा लागतो.

एका नामांकित खेळाडूचे सगळे आकडे चिरंजीवांनी प्रथम जसेच्या तसे उतरवून घेतले होते. परिणामी पूर्वी लागणारा नेमही चुकू लागला. यात आम्हांस नवल वाटले नाही. आमच्या लहानपणी चाळीच्या गॅलरीत कॅरम चाले, तेव्हा पावडर किती टाकावी यावरून अबोले धरले जात. ज्याची बोटे हलकी त्यास गुळगुळीत फळी हवी. ज्याचा फटका दांडगा त्यास ती अडखळती बरी. पावसाळ्यात फळी सर्दावली की सगळ्यांचेच हिशेब नव्याने मांडावे लागत. खऱ्या बंदुकीचीही तऱ्हा हीच. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकलेल्या अंजली भागवत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर तयार झाल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. एअर पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा भार पेलणारा असावा असा नियम आहे. एअर रायफलला तशी मर्यादा नाही, तेथे ज्याने त्याने आपल्या बोटाशी मसलत करावी.

एके दिवशी चिरंजीवांसह आम्ही बेस्टच्या बसने परळास निघालो. बसमध्येही भिंत आणि गोळ्या सुरू झाल्याच. पण बस डावीकडे वळली की बंदूकही डावीकडे वळे. यंत्राला बिचाऱ्याला हात वळला की बस, हे कसे कळावे? प्रत्येक वळणावर चिरंजीव चडफडत होते आणि आम्ही, खरे सांगावयाचे तर, मजेत होतो.

त्या मजेचे उट्टे त्याने घरी आल्यावर काढले. "काका, तुम्ही धरून बघा," असे म्हणून मोबाईल आमच्या हाती दिला. आम्ही दोन्ही हातांनी तो धरला आणि भिंतीकडे नेम लावला. पडद्यावरील तांबडा ठिपका उकळत्या पाण्यातील दाण्यासारखा नाचू लागला.

"काका, हलवताय का?"

"नाही."

तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो.

गेली दोन वर्षे आम्ही ही गोष्ट झाकून ठेविली होती. चहाचा पेला आम्ही चारचौघांत उचलत नसू. वर्गात फळ्यावर लिहिणे बंद करून पडद्यावर मजकूर दाखवू लागलो, आणि अध्यापनाच्या आधुनिक पद्धतीवर सहकाऱ्यांस प्रवचनही दिले. सौभाग्यवतींची समजूत अशी की, आमचे अक्षर आळसाने बिघडले. आमच्या मनात मात्र एका रोगाचे नाव घोळत होते, आणि ते वैद्याच्या तोंडून ऐकण्याची आमची छाती नव्हती.

चिरंजीवांनी मोबाईल परत घेतला नाही. आमच्या हातातच तो धरून ठेवून त्यांनी तीनशेचे ऐंशी केले. ठिपका स्थिरावला, परंतु आता मागे वळून पाहावयाचे तर आम्हांस खुर्चीसकट फिरावे लागे. मग एकशे वीस, मग एकशे साठ. "कोपरं टेबलावर टेका," तो म्हणाला. अर्ध्या तासाने एकशे चाळीसवर आम्ही भिंतीवर एकाजवळ एक अशी पाच छिद्रे पाडली. त्या रात्री पंगतीत ताक वाढण्यासाठी तो आपण होऊन उठला, आणि आमचे भांडे त्याने अर्धेच भरले. काकूंकडे पाहिलेही नाही.

आठवड्याने आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. तो सोबत होता. त्यांनी आम्हांस बोटाने नाकाच्या शेंड्यास स्पर्श करावयास सांगितला, मग एका कागदावर मळसूत्रासारखे वळत जाणारे वर्तुळ काढावयास दिले. आमचे वर्तुळ करवतीच्या दात्यांसारखे निघाले. ज्याची आम्हांस धास्ती होती तो रोग हा नव्हे, असे त्यांनी सांगितले. हात कामास लागला की येणारा हा कंप पुष्कळ घराण्यांत वंशपरंपरेने चालतो. आमच्या वडिलांच्या हातातील पोथीचे पान उतारवयात सळसळे, आणि आम्ही ते भक्तीचे लक्षण समजत होतो. औषधाने थोडा उतार पडेल, कंप मुळीच जाईल अशी हमी नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. संध्याकाळी सौभाग्यवतींस सगळे सांगितले. त्यांचा राग आजाराबद्दल नव्हता, दोन वर्षांबद्दल होता, आणि तो अद्याप पुरता उतरलेला नाही.

चिरंजीव परळास परतले. इंग्रजी होते तेथेच आहे. परवा त्याने दूरध्वनीवरून आमच्यासाठी ठरविलेले आकडे एकेक करून सांगितले: बिनदुर्बिणीचा अमुक, दोन पटीच्या दुर्बिणीचा अमुक, चार पटीचा अमुक. आम्ही ते वहीत टिपून घेतले. नंतर वाचू गेलो, तर आमचेच १ कोठे आणि ९ कोठे, हे आम्हांस लागेना. शेवटी त्यालाच पुन्हा विचारावे लागले.