ओंजळ

परवा वीर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. समोर, कापणी झालेल्या खाचरात पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. धसकटांवर आपटून चेंडू वेडावाकडा उडे आणि दर उडीला एकच गलका होई. पाहता पाहता मी साठ वर्षं मागे गेलो.

तेव्हा इथं रेल्वे नव्हती. ती आली १९९३ साली. आमची बॅट म्हणजे सुताराकडून तासून आणलेलं फळकूट. आमचा हुकमी गोलंदाज पलीकडच्या वाडीतला. तो आला की सामना आपला, हे ठरलेलं. डाव संपल्यावर सगळे आमच्या अंगणात पाण्याला येत. आम्ही फुलपात्रानं प्यायचो. त्याच्या ओंजळीत मात्र आत्या वरून धार धरायची. तो पायरीखाली वाकून पाणी प्यायचा, आणि मी शेजारी उभा राहून त्यानं घेतलेले बळी मोजायचो.

पुढं केव्हातरी विठ्ठल पळवणकरांची हकीकत वाचली. त्यांचे थोरले बंधू बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले होते. पुण्यात त्यांची गोलंदाजी चालत असे. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यातून. चांभाराच्या घरी जन्मलेल्या या खेळाडूला हिंदू संघानं कर्णधार म्हणून कधी निवडलं नाही. १९२० साली जातीपायी डावललं गेल्याचं सांगून विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. चौरंगी सामन्यांत त्यांनी युरोपियनांना हरवलं आणि सवर्णांनीच त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. १९२६ पर्यंतच्या चार वर्षांत त्यांच्या संघानं ती स्पर्धा तीनदा जिंकली.

त्याच १९२३ च्या ऑगस्टात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. पुढच्या वर्षी आमच्या महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळ्यासाठी तसाच ठराव केला. ठराव कागदावरच राहिले. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर लोकांवर लाठ्या पडल्या आणि मागाहून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. विठ्ठलांना खांद्यावर घेतल्याला तेव्हा चार वर्षंही उलटली नव्हती.

खांद्यावर घेणं आम्हालाही जमत होतं. त्या गोलंदाजाला आम्ही कितीदा तरी खाचरभर मिरवलं आहे. मी फुलपात्र पुढं केलं असतं तर काय झालं असतं? आत्या रागावली असती, एवढंच. तेवढंही मी केलं नाही.

खाचरातला डाव संपला. पोरं बांधावर बसली. एकच बाटली हातोहात फिरू लागली. गाडीची शिटी झाली तरी माझी नजर त्या बाटलीवरच होती. कुणाचीही ओंजळ पुढं झाली नाही.