गल्लीची फिल्म आणि जुन्या चोपड्या



या चातुर्मासात आमच्या श्रीगोंद्यातल्या सुना-मुलींनी मोबाईलवर आपल्या गल्लीच्या इतिहासाच्या छोट्या फिल्म करायचं मनावर घेतलं आहे. जुने वाडे पडत चालले, आठवणी सांगणाऱ्या बायका ऐंशीच्या पुढे गेल्या, तेव्हा हे आत्ताच व्हायला हवं.

"आम्हाला कुठे जमतंय!" म्हणणाऱ्यांना मी पस्तापूरचं उदाहरण देते. तेलंगणात झहीराबादजवळ हे गाव आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या तिथल्या महिला संघममधल्या शेतकरी बायका बहुतेक दलित, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. 1990च्या दशकाच्या अखेरीस त्या कॅमेरा शिकल्या आणि आपल्या बियाण्यांच्या, शेतीच्या फिल्म स्वतः करू लागल्या. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरला की त्याला त्या 'संघम शॉट' म्हणतात, कारण संघममध्ये सगळ्या सारख्या.

आमच्याकडे दाखवण्यासारखं भरपूर आहे. गावाचं जुनं नाव चांभारगोंदे. 'योगसंग्राम' लिहिणारे संत शेख महंमद इथले. शिंद्यांचे वाडे, आपलं स्थानक. यादी करताना मी 1875 साल सुचवलं, तर काकीजी म्हणाल्या, "ते कशाला उकरायचं? पोरांना लाज वाटेल."

त्या वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ते लोण आपल्या श्रीगोंदा तालुक्यातही आलं. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती, म्हणजे आपल्यासारखेच. माणसांना फारशी इजा झाली नाही. लोकांना हवी होती कर्जखतं आणि चोपड्या. हाती लागल्या त्या त्यांनी जाळल्या.

मी कॉमर्सची, त्यामुळे याचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिकडचा कापूस बंद झाला, आपल्याकडच्या कापसाला भाव आला, उधारीही सहज मिळू लागली. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सरकारने शेतसारा मात्र वाढवला. सारा भरायला कर्ज, कर्जापायी जमीन गहाण. पुढे 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

आता फिल्ममध्ये फक्त वाडे आणि दानधर्म आला, तर ती नुसती जमेची बाजू. एका बाजूवर ताळेबंद जुळत नाही. म्हणून मी मुलींना सांगितलं, आपल्या आजींइतकंच वस्तीवरच्या आजींनाही विचारा. त्यांच्या घरी आपल्या दुकानाबद्दल काय सांगत आले, ते त्यांच्याच शब्दांत घ्या. आपण ओट्यावर आणि त्या खाली, असं नको. शेजारी बसवून घ्या. आधी परवानगी विचारा, नाव-तारीख लिहून ठेवा, आणि झालेली फिल्म त्यांना आधी दाखवा.

संवत्सरीला आपण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो, पण बहुतेक आपल्याच माणसांना. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या देणं-घेणं झालं, त्यांचं ऐकून घेणं हीसुद्धा क्षमापनाच नाही का?

काकीजी अखेर तयार झाल्या, पण एका अटीवर: दुष्काळात आपल्या घरातून धान्य दिलं गेलं, तेही फिल्ममध्ये आलं पाहिजे. जरूर येईल. फक्त ते कसं दिलं, फुकट की उधार, हे घेणाऱ्यांच्या घरीही विचारू.